दोन लाइनींचा सरचार्ज एकाच आठवड्यात: जहाज कंपन्यांच्या करारांवर नियंत्रण कोणाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एका उद्योजकांचा व्हॉल्व्ह आणि पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. त्यांचे कंटेनर हजिरा आणि न्हावाशेवा बंदरांतून ह्यूस्टन आणि अँटवर्पला जातात. कच्चा माल म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे बार आयातही करतात. अलीकडे त्यांना दोन वेगवेगळ्या लाइनींकडून, म्हणजे जहाज कंपन्यांकडून, एकाच आठवड्यात, जवळजवळ सारख्याच रकमेच्या सरचार्जची (भाड्यावरील जादा आकाराची) पत्रे आली. त्याच सुमारास ह्यूस्टनच्या ग्राहकाने तिथले डिटेंशनचे (कंटेनर ठरल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवल्याच्या आकारणीचे) बिल डेबिट नोट लावून यांच्या माथी मारले. त्यांचे विचारणे असे की, या कंपन्या आपसांत दर ठरवतात का, तसे ठरवण्याची त्यांना मुभा आहे का, आणि बडोद्यात बसून दाद मागायची तर कोणाकडे.

आधी मूळ मुद्दा सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. एकच कंपनी आणि एकच जहाज असले तरी अमेरिकेला जाणारा कंटेनर, युरोपला जाणारा कंटेनर आणि भारतात उतरणारा कंटेनर यांना तीन वेगळे कायदे लागू होतात. कंपनीचे मुख्यालय कोपनहेगनला आहे की जिनिव्हाला, याने फारसा फरक पडत नाही. माल कोणत्या देशाच्या व्यापारात आहे, यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे ‘लाइनींवर सरकारचे नियंत्रण आहे का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आपल्या ह्यूस्टनच्या कंटेनरला जे संरक्षण मिळते ते अँटवर्पच्या कंटेनरला मिळत नाही, आणि भारतात जे मिळते ते या दोहोंपेक्षा निराळे आहे. पुष्कळ निर्यातदार पहिली चूक इथेच करतात: ह्यूस्टनची तक्रार मुंबईत पाठवतात आणि मुंबईची दिल्लीला.

आता करारांविषयी. जहाज कंपन्यांचे आपसांतले करार मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करणे महागात पडते. पहिला प्रकार जहाजातली जागा वाटून घेण्याचा. चार कंपन्या मिळून एक साप्ताहिक सेवा चालवतात, कोणी तीन जहाजे घालते, कोणी दोन, आणि त्या प्रमाणात प्रत्येकीला प्रत्येक जहाजावर स्लॉट, म्हणजे कंटेनरच्या जागा, मिळतात. आपण एका कंपनीकडे बुकिंग केले आणि कंटेनर दुसऱ्याच कंपनीच्या जहाजावर चढला, तर त्यात वावगे काही नाही. आपला करार बिल ऑफ लेडिंग (माल वाहून नेण्यासाठी घेतल्याचा दस्तऐवज) देणाऱ्या कंपनीशी असतो, जहाजाच्या मालकाशी नव्हे. या प्रकारात प्रत्येक कंपनी आपले भाडे स्वतंत्रपणे ठरवते, निदान कायद्याची तशी अपेक्षा असते. दुसरा प्रकार दर ठरवण्याचा किंवा गिऱ्हाइके वाटून घेण्याचा, आणि सगळा इतिहास या दुसऱ्या प्रकाराभोवती फिरतो.

तो इतिहास सुरू होतो आपल्याच किनाऱ्यावरून. १८७५ मध्ये ब्रिटन ते कलकत्ता या मार्गावरच्या कंपन्यांनी एकत्र येऊन भाडे ठरवले, आणि लाइनर कॉन्फरन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनांची ती सुरुवात मानली जाते. तिचे हत्यार होते विलंबित सूट. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत सारा माल कॉन्फरन्सच्याच जहाजांनी पाठवला, तर भाड्याचा काही भाग परत मिळे; पण लगेच नाही, आणखी एक मुदत तो निष्ठावंत राहिल्यावर. म्हणजे व्यापाऱ्याचे पैसे कायम कंपनीकडे अडकलेले, आणि बाहेरच्या एखाद्या स्वस्त जहाजाला एक खेप दिली की साठलेली सूट बुडाली. चीनच्या चहाच्या व्यापारातून अशा रीतीने बाहेर फेकल्या गेलेल्या मोगल स्टीमशिप कंपनीने इंग्लंडमध्ये दावा लावला आणि १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. कंपन्यांनी आपला धंदा वाढवण्यासाठी एकत्र येणे यात बेकायदा काही नाही, असा निकालाचा रोख होता. भारतीय कंपन्यांना याचा चटका पुढे बसला. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून तिची कोंडी केली, आणि १९२३ मध्ये आपला विस्तार मर्यादित ठेवण्याचा करार करून सिंदियाला तग धरावा लागला. 

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. १९१६ च्या शिपिंग अॅक्टने कंपन्यांना एकत्र येण्यास बंदी केली नाही. करार सरकारपुढे ठेवा, मंजूर करून घ्या आणि मग स्पर्धाविषयक कायद्यापासून सूट घ्या, असा सौदा केला. १९६१ पासून हे काम फेडरल मेरिटाइम कमिशन पाहते. १९८४ च्या कायद्यात मंजुरीची जागा नुसते दाखल करण्याने घेतली: करार दाखल झाल्यावर साधारणपणे ४५ दिवसांनी तो अमलात येतो. करारामुळे स्पर्धा घटून भाडे अवाजवी वाढेल किंवा सेवा अवाजवी घटेल असे कमिशनला वाटले, तर त्याला न्यायालयात जाऊन स्थगिती मागावी लागते. सभासद कंपनीला कराराबाहेर जाऊन स्वतःचा दर देण्याचा हक्क राहिला. १९९८ च्या सुधारणेने, जी मे १९९९ पासून लागू झाली, ग्राहकाशी केलेले सेवा करार गोपनीय ठेवता येऊ लागले. माझ्या मते कॉन्फरन्सची कंबर मोडली ती या एका तरतुदीने. शेजाऱ्याने कोणत्या भाड्यात माल उचलला हेच कळेना, तर ठरलेला दर पाळला जातो की नाही हे तपासणार कसे?

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेच्या व्यापारात, दाखल केलेल्या कराराच्या चौकटीत, कंपन्यांनी दरांविषयी बोलणे हे आपोआप बेकायदा ठरत नाही. पॅसिफिक मार्गावर ट्रान्सपॅसिफिक स्टॅबिलायझेशन अॅग्रीमेंट नावाचा असा चर्चेचा करार २०१८ च्या सुरुवातीपर्यंत चालू होता. त्यामुळे अमेरिकेच्या बाबतीत संशय आला की पहिले काम म्हणजे कमिशनच्या संकेतस्थळावरचा करारांचा संग्रह उघडणे. तिथे दाखल करारांचा मजकूर कोणालाही वाचता येतो. आपल्याला पत्रे पाठवणाऱ्या दोन्ही लाइनींची नावे ज्या करारात एकत्र येतात तो शोधा आणि त्यातले अधिकारांचे कलम वाचा. बहुधा जहाजे आणि स्लॉट वाटण्याचाच अधिकार लिहिलेला आढळेल. दरांवर चर्चेचा अधिकार त्यात नसताना कंपन्यांनी दर ठरवले, तर ते कराराबाहेरचे वर्तन होते आणि सूट त्याला लागत नाही.

आता त्या दोन पत्रांकडे येऊ. एकाच आठवड्यात सारख्या रकमेची पत्रे येणे हा कार्टेलचा, म्हणजे कंपन्यांच्या छुप्या संगनमताचा, पुरावा म्हणून मी स्वीकारणार नाही, आणि त्याचे कारण कायद्यातच दडलेले आहे. अमेरिकेच्या व्यापारात प्रत्येक लाइनला आपला टॅरिफ, म्हणजे दरपत्रक, सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध ठेवावा लागतो, आणि त्यातली वाढ प्रसिद्धीनंतर किमान ३० दिवसांनीच लागू करता येते. ज्या लाइनला पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वाढ हवी, तिला ती या महिन्याच्या आरंभीच जाहीर करावी लागते. इतर लाइनी ती वाचतात आणि दोन-चार दिवसांत आपलेही पत्रक काढतात. फोन उचलावा लागत नाही, भेटावे लागत नाही. ग्राहकाला पूर्वसूचना मिळावी म्हणून केलेला नियम स्पर्धकालाही पूर्वसूचना देतो, ही त्या व्यवस्थेतली जुनी अडचण आहे.

युरोपात याच सवयीची चौकशी झाली. दरवाढीच्या आगाऊ घोषणांतून कंपन्या एकमेकींना आपला इरादा कळवतात अशी युरोपीय आयोगाला शंका होती. २०१६ च्या जुलैमध्ये चौदा कंटेनर कंपन्यांनी दिलेली आश्वासने आयोगाने त्यांच्यावर बंधनकारक केली: नुसता टक्का किंवा वाढीचा आकडा जाहीर करायचा नाही, भाड्याचे घटक दाखवणारा पूर्ण आकडा द्यायचा, आणि जाहीर केलेला दर निदान कमाल मर्यादा म्हणून पाळायचा. तो तीन वर्षांचा बंदोबस्त होता. पण सरचार्जची पत्रे कशी वाचावीत याचा तो आजही चांगला नमुना आहे. आपल्याकडच्या पत्रात नुसते ‘प्रति कंटेनर इतके डॉलर वाढ’ असे असेल, तर मूळ भाडे, बंकर (जहाजाचे इंधन) आणि टर्मिनलचा खर्च वेगळा दाखवून मागा.

त्याआधीही एक साधे काम आहे. आपला दर टॅरिफचा आहे की कराराचा, हे पाहा. सेवा करार असेल तर त्यात कोणते सरचार्ज भाड्यात धरले आहेत आणि कोणते ‘लागू असतील तसे’ सोडले आहेत, हे एका परिशिष्टात असते, आणि ते परिशिष्ट बहुतेकांनी सही करताना वाचलेले नसते. पुष्कळ पत्रे करारधारक ग्राहकांना लागूच होत नाहीत. लाइनच्या विक्री विभागाने ती सरसकट सगळ्यांना धाडलेली असतात. आणि माल फॉरवर्डरच्या (वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाच्या) हाऊस बीएलवर, म्हणजे त्याने स्वतःच्या नावाने दिलेल्या बिल ऑफ लेडिंगवर, जात असेल तर लाइनशी करार त्याचा आहे, आपला नाही. अमेरिकेला हाऊस बीएल देणाऱ्या परदेशी फॉरवर्डरला कमिशनकडे नोंदणी करावी लागते, स्वतःचा टॅरिफ ठेवावा लागतो आणि परवाना न घेता नुसती नोंदणी केली असेल तर दीड लाख डॉलरचा बाँड द्यावा लागतो. नोंदणी झालेल्यांची यादी उघड असते. आपल्या फॉरवर्डरचे नाव त्या यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि नसेल तर पुढची खेप देण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

मग कार्टेलचा पुरावा कसा असतो? तो प्रत्यक्ष पाहायचा असेल तर भारतीय स्पर्धा आयोगाचा २० जानेवारी २०२२ चा निर्णय वाचावा. प्रकरण मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या जहाजांचे होते; एनवायके, के लाइन, मित्सुई ओएसके आणि निस्सान मोटर कार कॅरियर या चार कंपन्यांच्या विरुद्ध. त्यांच्यात ‘रिस्पेक्ट रूल’ नावाचा अलिखित संकेत होता: ज्या मोटार उत्पादकाचे काम ज्या कंपनीकडे आधीपासून आहे, त्याच्या निविदेत दुसरीने खऱ्या अर्थाने उतरायचे नाही. आयोगाच्या हाती लागले ते या कंपन्यांच्या माणसांचे एकमेकांना लिहिलेले ईमेल, बैठकांचे आणि संपर्कांचे पुरावे, आणि त्यांत भाड्याची माहिती देवघेव केल्याच्या खुणा. एनवायकेने सर्वांत आधी कबुली दिल्याने तिचा दंड पूर्ण माफ झाला, मित्सुईला पन्नास टक्के आणि निस्सानला तीस टक्के सूट मिळाली. के लाइनला २४.२३ कोटी आणि मित्सुईला १०.१२ कोटी रुपयांचा दंड झाला. त्याच धंद्यातल्या वागणुकीबद्दल युरोपीय आयोगाने २०१८ मध्येच मोटारवाहू कंपन्यांना ३९५ दशलक्ष युरोंचा दंड ठोठावला होता.

या प्रकरणातून आपल्यासारख्याने घ्यायचे ते एवढे: आकडे सारखे आहेत यापेक्षा आकडे सारखे ठेवण्याबद्दल कोण काय बोलले, हे महत्त्वाचे. एखाद्या लाइनचा विक्री प्रतिनिधी बोलता बोलता ‘तुमचा अकाउंट त्या लाइनकडे आहे, आम्ही तिथे हात घालत नाही’ किंवा ‘सगळ्यांचे ठरले आहे, खाली कोणी येणार नाही’ असे म्हणाला, तर ते वाक्य त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, नाव आणि उपस्थित माणसे यांसह लिहून ठेवा आणि शक्य असेल तर ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्यालाच ईमेल पाठवा. असे एक ईमेल दहा सारख्या पत्रकांपेक्षा वजनदार ठरते.

भारतात कायद्याची चौकट स्पर्धा कायदा, २००२ ची आहे. कलम ३ नुसार दर ठरवणारे, पुरवठा रोखणारे किंवा बाजार वाटून घेणारे करार स्पर्धेला घातकच असे गृहीत धरले जातात, आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी करार करणाऱ्यांवर येते. जहाजातली जागा वाटण्याच्या करारांना मात्र कलम ५४ खाली केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ पासून वेळोवेळी मर्यादित मुदतीची सूट दिली. २०१८ ची अधिसूचना तीन वर्षांसाठी होती. सूट ही जागेपुरतीच होती. दर ठरवणे, क्षमता किंवा विक्री मर्यादित करणे आणि ग्राहक वाटून घेणे यांना तिच्यात स्थान नव्हते, आणि असे करार नौवहन महासंचालकांकडे दाखल करायचे होते. आपण अर्ज करण्यापूर्वी ज्या काळातल्या वागणुकीबद्दल तक्रार आहे त्या काळात अशी अधिसूचना अमलात होती का, हे आपल्या वकिलाकडून राजपत्रात तपासून घ्या. नसेल तर जागा वाटण्याचा करारही कलम ३ च्या कसोटीवर उतरावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे माहिती दाखल करायला कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

आपल्या व्यवस्थेतली उणीवही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. भारताच्या कंटेनर व्यापाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर जातो, आणि तरीही भाडे व सरचार्ज यांवर देखरेख करणारे, अमेरिकेच्या कमिशनसारखे, खास अधिकारांचे मंडळ आपल्याकडे नाही. नौवहन महासंचालकांचे काम मुख्यतः जहाजे, सुरक्षितता आणि नाविक यांच्याशी निगडित आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी लाइनींना त्या काळाचे डिटेंशन आकारू नये असे कळवले होते, पण ज्यांनी तरीही आकारले त्यांच्याशी ज्याचे त्याला झगडावे लागले. २०२५ मध्ये बिल ऑफ लेडिंग, सागरी मालवाहतूक आणि मर्चंट शिपिंग यांचे जुने कायदे बदलून नवे आले, ही मोठी घडामोड आहे. परंतु त्यांचा विषय जबाबदारी, दस्तऐवज आणि नोंदणी हा आहे, भाड्याचा वाजवीपणा हा नव्हे. स्पर्धा आयोग कार्टेल शोधू शकतो, आपले चुकीचे बिल दुरुस्त करून देणे हे त्याचे काम नाही.

आयातीच्या बाजूला मात्र एक उपयुक्त तरतूद आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्स, २०१८ मध्ये असे म्हटले आहे की, कस्टम्सने बिल ऑफ एंट्रीतील (आयातदाराने भरलेल्या घोषणापत्रातील) नोंदी पडताळण्यासाठी माल अडवून ठेवला आणि नोंदी शेवटी बरोबर निघाल्या, तर लाइनने त्या काळाचे डिटेंशन मागायचे नाही. साठ दिवसांनंतरच्या काळासाठी ती मागू शकते. बडोद्याजवळ दशरथच्या इनलँड कंटेनर डेपोत आपले स्टीलचे बार नमुना तपासणीसाठी अडकले तर सीएचएला (आपल्या कस्टम्स दलालाला) सांगून कस्टम्सकडून त्या तारखांचा लेखी दाखला घ्या. दाखल्याशिवाय लाइनचा काउंटर ऐकून घेत नाही, आणि डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याची लाइनची चिठ्ठी) हवी म्हणून आपण बिल निमूट भरले की ते पैसे परत मिळवणे जिकिरीचे होते. भरावेच लागले तर ‘हक्क राखून’ असे लिहून भरा.

युरोपचा हिशेब थोडक्यात सांगतो. कॉन्फरन्सना मिळालेली सूट तिथे १८ ऑक्टोबर २००८ पासून संपली, म्हणून युरोपच्या व्यापारात दर ठरवणारी कॉन्फरन्स राहिलीच नाही. जागा वाटणाऱ्या गटांना तीस टक्के बाजारहिश्श्याच्या मर्यादेत मिळणारी सरसकट सूट २५ एप्रिल २०२४ रोजी संपली आणि युरोपीय आयोगाने ती पुढे वाढवली नाही. आता प्रत्येक गटाला आपला करार सर्वसाधारण स्पर्धा नियमांत बसतो की नाही हे स्वतः तपासून घ्यावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गटांची जी फेरमांडणी झाली, म्हणजे मेर्स्क आणि हापाग-लॉइड यांचा जेमिनाय हा गट सुरू झाला, एमएससी बहुतांशी स्वतंत्र चालू लागली, ती या नव्या वातावरणात झाली. जेमिनायचा करार अमेरिकेतही कमिशनने जास्तीची माहिती मागवून, तपासून, मग सप्टेंबर २०२४ मध्ये अमलात येऊ दिला. नियामकांची मते जुळतीलच असे नाही, हे २०१४ मध्ये दिसले: मेर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम यांच्या पी-थ्री गटाला अमेरिकेने वाट दिली, युरोपने हरकत घेतली नाही, आणि जूनमध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आशिया–युरोप मार्गावरच्या जवळपास ४७ टक्के हिश्श्याकडे बोट दाखवून तो अडवला. तिथेच तो गट संपला.

आता ह्यूस्टनचे बिल; आपल्या प्रश्नातला पैशाच्या दृष्टीने सर्वांत तातडीचा भाग हाच आहे. २०२० मध्ये कमिशनने तत्त्व सांगितले की डिटेंशन आणि डेमरेज (कंटेनर टर्मिनलवर जास्त दिवस पडून राहिल्याची आकारणी) हे माल हलता ठेवण्यासाठी असतात. जिथे ग्राहकाला माल उचलणे किंवा रिकामा कंटेनर परत करणे शक्यच नव्हते, तिथे आकारणी वाजवी ठरणे कठीण. १६ जून २०२२ च्या कायद्याने त्याला दात दिले. बिलात काय काय असले पाहिजे याची यादी कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे: बिल ऑफ लेडिंगचा आणि कंटेनरचा क्रमांक, उतरवण्याचे बंदर, फ्री टाइमचे (आकारणी न होणाऱ्या मुदतीचे) दिवस, त्याची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कोणत्या नियमाने किंवा कराराने दर लावला, वाद कुठे आणि किती दिवसांत घालायचा, आणि लाइनच्या स्वतःच्या वागण्यामुळे ही आकारणी झालेली नाही असे तिचे निवेदन. यातली आवश्यक माहिती बिलात नसेल तर पैसे देण्याचे बंधन उरत नाही. २८ मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आकारणी थांबल्यापासून ३० दिवसांच्या आत बिल द्यावे लागते, बिल मिळालेल्याला सूट किंवा परतावा मागायला निदान ३० दिवस मिळाले पाहिजेत, आणि आकारणी वाजवी आहे हे सिद्ध करण्याचा भार लाइनवर आहे.

आपल्या ग्राहकाने पाठवलेल्या कागदांत नुसती त्याची डेबिट नोट आणि एका ओळीचा हिशेब असेल, तर तेवढ्यावर एक डॉलरही देऊ नका. लाइनचे किंवा टर्मिनलचे मूळ बिल मागा आणि वरच्या यादीशी ओळ-ओळ ताडून पाहा. बिलाची तारीख आणि आकारणीची शेवटची तारीख यांतले अंतर मोजा. त्यानंतर ग्राहकाच्या ट्रकवाल्याला विचारा की रिकामा कंटेनर नेला तेव्हा टर्मिनलने घेतला का. अपॉइंटमेंट मिळत नसल्याचा स्क्रीनशॉट, गेटवरून परत पाठवल्याची पावती किंवा ‘आज या लाइनचे रिकामे कंटेनर घेणार नाही’ अशी टर्मिनलची सूचना यांपैकी एक कागदही बिलाचे बरेचसे दिवस गळवू शकतो. वाद बिल ज्याच्या नावावर आहे त्याने, म्हणजे आपल्या ग्राहकाने, तीस दिवसांत घालायचा आहे. तो आळस करील, कारण पैसे आपल्याकडून वसूल करणे त्याला सोपे वाटते. म्हणून त्याला लेखी कळवा की मुदतीत वाद घातला नाही तर डेबिट नोट मान्य होणार नाही. लाइनने नकार दिला तर कमिशनकडे आकारणीविषयी तक्रार ईमेलने करता येते. खर्चिक औपचारिक दावा लागत नाही, आणि तक्रार अमेरिकी नागरिकानेच करावी अशी अट नाही. बिल चुकीचे ठरले तर कमिशन परताव्याचा आदेश देऊ शकते.

अँटवर्पच्या कंटेनरला हे काहीच उपलब्ध नाही, हे पुन्हा ध्यानात घ्या. तिथे बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बाजूच्या अटी चालतात, आणि त्या अटींत ‘मर्चंट’ या व्याख्येत माल घेणाऱ्यासोबत माल पाठवणाराही असतो. चितगावला पाठवलेल्या कापसाच्या ३५ कंटेनरांची डिलिव्हरी खरेदीदाराने घेतलीच नाही, तेव्हा एमएससीने पाठवणाऱ्या कॉटोनेक्स कंपनीवर दावा लावला आणि आकारणीची रक्कम कंटेनरांच्या किमतीच्याही वर गेली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की कराराचा व्यापारी हेतू संपल्यावर आकारणी अनंतकाळ चालवता येत नाही, परंतु तोपर्यंतची रक्कम पाठवणाऱ्याला चुकली नाही. माल परदेशी बंदरावर उतरला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावाच.

म्हणून पुढच्या ऑर्डरीत खरेदी करारात दोन वाक्ये घाला. एक, उतरवण्याच्या बंदरावरचे डिटेंशन, डेमरेज आणि साठवणुकीचा खर्च, विक्रेत्याच्या कागदपत्रांतील चुकीमुळे झाला नसल्यास, खरेदीदाराचा. दोन, असा खर्च विक्रेत्याकडे मागायचा तर मूळ बिल मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याची प्रत पाठवली पाहिजे, म्हणजे अमेरिकेतली तीस दिवसांची मुदत आपल्या हाताबाहेर जाणार नाही. आणि आत्ताच्या डेबिट नोटवर आपण अजून उत्तर दिले नसेल, तर आज मूळ बिलाची मागणी करणारे ईमेल पाठवा. सरचार्जच्या पत्रांचा निकाल त्यामागून लावता येईल.